पालखी मुक्कामासाठी हात धुण्याची फिरती केंद्रे : आराखडा कुठून सुरू करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आळंदी–पंढरपूर पालखी मार्गावरील एका ग्रामपंचायतीला मुक्कामाच्या तळावर हात धुण्याची फिरती केंद्रे उभारायची आहेत. वारी पुढे सरकल्यावर तीच केंद्रे आठवडी बाजारात आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत वापरता यावीत, अशी अपेक्षा आहे. पायाने चालणारी, स्टेनलेस स्टीलची तयार केंद्रे विकणाऱ्यांची दरपत्रके हातात आली आहेत आणि गावातला फॅब्रिकेशनवालाही काम करायला तयार आहे. तयार केंद्रे घ्यावीत की बनवून घ्यावीत, किती घ्यावीत, आणि त्याऐवजी सॅनिटायझर ठेवले तर चालेल का, असे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी विचारले आहे.

सॅनिटायझरचा मुद्दा आधी संपवतो. दिवसभर चालून आलेल्या माणसाच्या हातावर धूळ, घाम आणि तेल असते. मळलेल्या हातावर अल्कोहोलचा परिणाम फार कमी होतो. उलटी-जुलाबाला कारणीभूत होणाऱ्या नोरोव्हायरससारख्या काही विषाणूंवर तर ते स्वच्छ हातावरही पुरेसे काम करत नाही. साबण जंतू मारण्यापेक्षा त्यांना तेलकट थरासह सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतो, आणि शौचालयाबाहेर नेमके तेच हवे असते. त्यामुळे पाणी आणि साबण यांना पर्याय शोधण्यात वेळ घालवू नये.

आता मुख्य गोष्ट. अशा केंद्राचा आराखडा करताना बहुतेक जण नळापासून सुरुवात करतात, कारण वापरणाऱ्याला नळ दिसतो. माझा आग्रह असा की सुरुवात केंद्र भरणाऱ्या माणसापासून करावी. टाकीत पाणी कोण, कशाने आणि किती उंचीवर ओतणार, साबण कोण ठेवणार, सांडपाणी कुठे सोडणार आणि बिघडलेला नळ कोणत्या पान्याने कोण बदलणार, या चार प्रश्नांची उत्तरे माणसाच्या नावासह मिळाली, तर साध्या ड्रमचेही उत्तम केंद्र होते. ती मिळाली नाहीत, तर महागडे स्टीलचे केंद्र दुसऱ्या दिवशी दुपारी कोरडे पडते. २०२० साली करोनाच्या काळात गावोगावी पायाने दाबायचे स्टँड उभे राहिले होते. त्यातले कितीतरी आज शाळांच्या आणि कार्यालयांच्या कोपऱ्यांत गंजत पडलेले दिसतात. त्यांची रचना वाईट होती असे नाही. ते रोज भरण्याचे काम कोणाच्याच वाट्याला दिलेले नव्हते, हे त्यामागचे कारण आहे.

पायाच्या पॅडलविषयी माझे मत इथेच सांगतो. नळाला हात लागू नये ही कल्पना योग्य आहे, परंतु पॅडलपासून नळापर्यंत जाणारी तार, स्प्रिंग आणि बिजागरी हे तिन्ही भाग चिखलात आणि पावसात उघडे असतात, आणि वारी तर ऐन आषाढातली. तार सैल झाली की पॅडल दाबूनही पाणी येत नाही. मुले पॅडलवर उभी राहून उड्या मारतात, वयस्कर वारकऱ्यांना एका पायावर तोल सांभाळत हात चोळणे जमत नाही. रुग्णालयात, कोरड्या फरशीवर, रोज देखभाल होणार असेल तर पॅडल घ्यावे. तळावर घेऊ नये. दाबून सोडले की आपोआप बंद होणारे नळही अनेक जण सुचवतात. त्यातले पुष्कळसे नळ इमारतीतल्या पाण्याच्या दाबासाठी बनवलेले असतात. टाकी नळाच्या एक मीटर वर असली तरी मिळणारा दाब जेमतेम ०.१ बार असतो, आणि तेवढ्या दाबावर असे नळ एक तर धड वाहत नाहीत किंवा धड बंद होत नाहीत. विकत घेण्यापूर्वी एक नग आणून प्रत्यक्ष टाकीला लावून पाहावा.

तळासाठी मी लांब दांडीचा, पाव फेऱ्यात उघडणारा साधा नळ सुचवेन. दांडी मनगटाने किंवा कोपराने ढकलता येते, त्यामुळे धुतलेली बोटे पुन्हा नळाला लावावी लागत नाहीत. हा नळ बंद करायचा राहून जाऊ शकतो हे खरे, पण त्यावरचा उपाय नळात नसून त्याच्या तोंडाशी आहे. नळाच्या तोंडावर टोपण बसवून त्याला ४ मिलिमीटरचे एकच भोक पाडावे. टाकीतील पाण्याची पातळी भोकापासून एक मीटर वर असताना त्यातून मिनिटाला सुमारे दोन लिटर पाणी येते, आणि पातळी ३० सेंटिमीटरपर्यंत उतरली तरी एक लिटरहून थोडे जास्त मिळते. हात धुण्यास एवढी धार पुरते. अर्ध्या इंची साधा बिब कॉक, म्हणजे घरोघरी असतो तो नेहमीचा नळ, पूर्ण उघडला तर मिनिटाला १० ते १२ लिटर पाणी जाते, आणि हा फरक किती महाग पडतो ते पुढच्या हिशेबात दिसेल. फवाऱ्यासारखी धार हवी म्हणून २ मिलिमीटरची चार भोकेही पाडता येतात. एकूण क्षेत्रफळ तेवढेच राहते. परंतु बोअरच्या जड पाण्याचा क्षार बारीक भोकांत लवकर साचतो. ज्या गावात भांड्यांवर पांढरा थर धरतो तिथे एकच भोक बरे.

केंद्रे किती हवीत, हे गावाच्या लोकसंख्येवरून किंवा वारकऱ्यांच्या एकूण संख्येवरून काढू नये. गर्दीचा क्षण शोधावा. तळावर असे दोन क्षण असतात. पहिला पहाटे साधारण तीन ते सहा, जेव्हा पालखी हलण्याआधी सगळ्यांना एकदमच शौचालय हवे असते. आणि दुसरा दिंड्यांच्या पंगती बसतात तेव्हाचा.

पहाटेचा हिशेब असा. समजा एका ठिकाणी २० फिरती शौचालये आहेत. एका माणसाला चार ते पाच मिनिटे धरली, तर दर मिनिटाला चार ते पाच जण बाहेर पडतात, म्हणजे तासाला २४० ते ३००. एका माणसाला नळापाशी सुमारे ४० सेकंद लागतात. त्यामुळे एक नळ मिनिटाला दीड माणसाला पुरतो, आणि तीन नळांवर भागते; पण माणसे सारख्या अंतराने येत नाहीत, म्हणून चार नळ धरावेत. पाच शौचालयांमागे एक नळ, हे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे. हात ओले करायला पाच सेकंद आणि शेवटी धुवायला दहा सेकंद, असे पंधरा सेकंद पाणी वाहिले तर मिनिटाला दोन लिटरच्या धारेतून माणशी अर्धा लिटर लागते. तासाला १२० ते १५० लिटर, आणि तीन तासांना ३६० ते ४५० लिटर. म्हणजे ५०० लिटरची एक टाकी रात्री भरून ठेवली, तर पहाटेची पूर्ण गर्दी मध्ये न भरता निघून जाते. हेच काम साध्या बिब कॉकने केले आणि माणसाने साबण लावतानाही नळ उघडा ठेवला, तर माणशी साडेसहा लिटर जातात आणि ती टाकी जेमतेम पाव तासात रिकामी होते. पहाटे साडेतीनला टँकर बोलावणे कोणालाही जमणार नाही. ४ मिलिमीटरचे भोक पाडलेले टोपण हा या सगळ्या केंद्रातला सर्वांत स्वस्त भाग आहे, आणि टँकरच्या फेऱ्या तोच वाचवतो.

दुसऱ्या क्षणाकडे, म्हणजे पंगतीकडे, नेहमीच दुर्लक्ष होते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६व्या फेरीत, २०१८ साली, देशातील ७४.१ टक्के घरांनी शौचानंतर साबणाने हात धुतो असे सांगितले, तर जेवणापूर्वी साबण वापरणारी घरे ३५.८ टक्केच होती. बाकीची बहुतेक घरे जेवणाआधी नुसत्या पाण्याने हात धुतात. म्हणजे शौचालयाबाहेर केंद्र ठेवले तर लोकांच्या असलेल्या सवयीला सोय मिळते, आणि खरी उणीव आहे ती पंगतीजवळ. तळावरची निम्मी केंद्रे अन्नाच्या बाजूला असावीत, असे मी म्हणेन. दिंडीचे स्वतःचे ट्रक, टँकर आणि स्वयंपाकी असतात. त्यामुळे दिंडीप्रमुखांशी आणि विशेषतः वाढप्यांशी आधी बोलून घ्यावे. पंगतीच्या तोंडाशी, पत्रावळी घेण्यापूर्वी, केंद्र लागले तर ते वापरले जाते. पंगतीपासून बाजूला, झाडाखाली सोयीची जागा आहे म्हणून लावले, तर त्याचा उपयोग जेवणानंतर हात विसळण्यापुरता होतो.

आता प्रत्यक्ष बांधणी. मी दोन वेगळे प्रकार करायला सांगतो, कारण भरणारा माणूस दोन्हीकडे वेगळा आहे.

मोठा प्रकार टँकरने भरायचा. ५०० लिटरची प्लास्टिकची काळी टाकी लोखंडी अँगलच्या स्टँडवर, तळ जमिनीपासून ११० सेंटिमीटरवर येईल अशी बसवावी. टाकीतून एक इंची पाइप खाली आणून आडव्या पाइपवर दोन्ही बाजूंना दोन-दोन नळ द्यावेत; शेजारच्या दोन नळांत ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे, नाहीतर माणसांचे खांदे घासतात आणि चार नळांवर तिघेच उभे राहतात. नळाचे तोंड साधारण एक मीटरवर आणि खालच्या पन्हाळीचा काठ ८० सेंटिमीटरवर यावा. पन्हाळीसाठी सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून वापरता येतो. तिला मीटरला दोन सेंटिमीटर उतार द्यावा. एका टोकाचा नळ मुद्दाम खाली घेऊन, त्याखालची पन्हाळ ५५ ते ६० सेंटिमीटरवर करावी. लहान मुलांना तो लागतोच, शिवाय गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसांना खुर्चीवर बसून हात-तोंड धुता येते. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीसाठी मात्र खाली गुडघे जायला मोकळी जागा हवी, म्हणून त्यांच्यासाठी ८० सेंटिमीटरची बाजूच योग्य आहे. तिथे स्टँडचा आडवा अँगल पायांत येणार नाही हे वेल्डिंगपूर्वीच फॅब्रिकेशनवाल्याला दाखवून द्यावे.

भरलेली टाकी अर्ध्या टनाची असते, हे कोणी विसरू नये. स्टँडचे पाय टाकीच्या व्यासापेक्षा बाहेर फाकलेले असावेत, प्रत्येक पायाखाली किमान १५ सेंटिमीटर चौरस पत्रा असावा आणि टाकी पट्टीने स्टँडला बांधलेली असावी. पावसाने भिजलेल्या शेतजमिनीवर पाय एका बाजूने खचतात. तळ शेतात असेल तर पायांखाली फरशीचे तुकडे टाकून, पाणसळीने (स्पिरिट लेव्हलने) तपासून, मगच टाकी भरावी; भरलेली टाकी कधीही हलवू नये. टाकीचे झाकण दोन मीटरहून उंच येते, तेव्हा टँकरवाला शिडी नसल्याने पाइप बाहेरूनच धरतो आणि निम्मे पाणी खाली सांडते. त्यावर उपाय म्हणजे टाकीच्या वरच्या भागातून एक भरणीचा पाइप बाहेर काढून छातीच्या उंचीपर्यंत खाली आणणे आणि त्याला टँकरच्या होजला बसेल अशी जोडणी देणे. टाकीच्या बाजूला उभ्या पारदर्शक नळीचा पातळीदर्शक लावला तर टाकी किती उरली हे वर न चढता कळते.

लहान प्रकार कळशीने किंवा बादलीने भरायचा. जिथे पंप नाही तिथे पंधरा लिटरची बादली माणसाला १२० सेंटिमीटरपेक्षा वर उचलून ओतायला लावू नये. सफाई कर्मचारी महिलेला दिवसातून दहा वेळा ते करावे लागले, तर अकराव्या वेळी ती करणार नाही आणि तिचे चुकणारही नाही. म्हणून उंच, निमुळता ड्रम न घेता रुंद आणि बुटके, झाकणाचे ५० लिटरचे भांडे घ्यावे, तळ ८५ सेंटिमीटरवर ठेवावा आणि खाली टब ७० सेंटिमीटरच्या आत बसवावा. ही कल्पना जुनीच आहे. घानामध्ये व्हेरोनिका बेको या जीवशास्त्रज्ञ महिलेने प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांना वाहत्या पाण्यात हात धुता यावेत म्हणून नळ बसवलेली झाकणाची बादली आणि खाली सांडपाण्याचे भांडे अशी रचना केली. पुढे ती त्यांच्याच नावाने आफ्रिकेत सर्वत्र पसरली. झिंबाब्वेत सुरू झालेला, दोरीला पाय लावून डबा कलता करण्याचा प्रकारही आपल्याकडे शाळांत दाखवला जातो. घराच्या परसात तो छान चालतो, पण गर्दीत त्याची दोरी तुटते आणि डबा सतत भरावा लागतो. सार्वजनिक जागी तो नको.

नळ, सॉकेट, टाकीचे निपल आणि टेफ्लॉन टेप तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात मिळतील अशाच मापाचे असावेत. तयार स्टील केंद्रांना माझा मुख्य आक्षेप हाच आहे. त्यातला एखादा भाग कंपनीकडूनच मागवावा लागत असेल, तर मुक्कामाच्या रात्री त्याचा काही उपयोग नाही. एरवी स्टीलची पन्हाळ टिकते, स्वच्छ होते आणि दिसतेही चांगली. निधी असेल तर पन्हाळ तेवढी स्टीलची करावी.

साबणाबाबत थोडे विस्ताराने लिहितो, कारण केंद्र फसते ते पाण्यापेक्षा साबणावर. सुटी वडी ठेवली तर ती पन्हाळीत पडून विरघळते, कोणी तरी घेऊन जाते, आणि शाळेत तर कावळे व उंदीरही पळवतात. जाळीच्या पिशवीत घालून नळाशी बांधलेली वडी त्यापेक्षा बरी. ती ओल्या हातांनी चोळली की फेस येतो आणि चोरीही होत नाही. पंपाच्या बाटलीचा पंप गर्दीत फार टिकत नाही. मला सर्वांत भरवशाचे वाटते ते साबणाचे पाणी. बांगलादेशात ही पद्धत भरपूर तपासली गेली : ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर दीड लिटर पाण्यात विरघळवून, झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीत भरायची. पावडरीने हात कोरडे पडतात अशी तक्रार आली तर भांडी घासण्याचा द्रव किंवा हँडवॉश पाण्यात मिसळून तेच करता येते. दाबता येईल अशी मऊ बाटली उलटी टांगली की माणशी तीनेक मिलिलिटर पुरते. पहाटेच्या तीन तासांत ७०० ते ९०० माणसे धरली तर दोन ते अडीच लिटरच्या पुढेमागे लागते, म्हणजे दीड लिटरच्या दोन बाटल्या. राखेने हात धुणारी पिढी अजून दिंड्यांत आहे आणि काहीच नसेल तर राखही चालते, पण ग्रामपंचायतीने साबणच ठेवावा. साबणाच्या जागेवर छोटे छप्पर हवे. आषाढातल्या सरीत जाळीतली वडी एका रात्रीत संपते.

पाण्याच्या दर्जाबद्दल एक विसंगती ध्यानात घ्यावी. नुसते हात धुण्यासाठी पाणी पिण्याच्या दर्जाचे असण्याची गरज नाही. परंतु सार्वजनिक जागी नळ दिसला की माणूस ओंजळ धरतो आणि बाटलीही भरतो. ‘हे पाणी पिण्यासाठी नाही’ अशी पाटी लावून आपली जबाबदारी संपत नाही, कारण पहाटेच्या अंधारात पाटी कोणी वाचत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गिलेन-बारे सिंड्रोम) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला, तेव्हा पाण्याच्या स्रोतांकडे सगळ्यांचे लक्ष गेले होते. तेव्हा केंद्रातील पाणी प्यायले जाणार असे गृहीत धरूनच टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकावी. ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर असेल तर ५०० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा ते पाऊण चहाचा चमचा. पावडर थेट टाकीत टाकू नये. बादलीत घोळून, चुना तळाला बसू देऊन, वरचे निवळ पाणी तेवढे टाकीत ओतावे, नाहीतर तोच चुना ४ मिलिमीटरच्या भोकात जाऊन बसतो. अर्ध्या तासाने जलसुरक्षकाने नळातले पाणी घेऊन ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते पाहण्याची चाचणी) करावी. पिवळा रंग आला तर ठीक. जुनी, ओलसर झालेली पावडर मोजून टाकूनही रंग येत नाही, तेव्हा मापावर न जाता टेस्टवर जावे.

सांडपाणी हा विषय दरपत्रकात नसतोच. तीन तासांत साडेचारशे लिटर साबणाचे पाणी माणसांच्या पायांशी पडले तर दुसऱ्या तासाला तिथे चिखल होतो आणि लोक केंद्राकडे येणेच बंद करतात. पन्हाळीखालून लवचीक कोब्रा पाइप काढून पाणी दूर न्यावे आणि उभे राहायच्या जागी खडीचा थर टाकावा. शोषखड्डा करायचा असेल तर आधी माती पाहावी. मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा दगडांनी भरला की त्यात पाण्यासाठी साधारण ४०० लिटर जागा उरते. मुरमाड जमिनीत ते पाणी भराभर जिरते. काळ्या मातीत, आणि तीही पावसाने फुगलेली असताना, ते जिरतच नाही. एका पहाटेत खड्डा भरतो आणि मग वरून वाहतो. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून गटारे आणि डास दोन्ही कमी केले, हे उदाहरण अनेक सरपंच देतात आणि ते देण्यासारखेही आहे. पण ते खड्डे घरातल्या रोजच्या थोड्याथोड्या पाण्यासाठी आहेत. काळ्या मातीच्या तळावर मी सरळ २०० लिटरचे, सगळे पाणी मावेल इतके ड्रम जमिनीत अर्धे गाडून त्यांत पाणी साठवतो आणि सकाळी ते गावच्या बंद गटारात किंवा केळी-नारळाच्या आळ्यात सोडायला सांगतो. कोणताही खड्डा विहीर किंवा बोअरपासून किमान १५ मीटर दूर असावा.

जागेबाबत दोनच गोष्टी. शौचालयातून बाहेर पडणाऱ्या वाटेवर, वळावे न लागता, केंद्र समोर आले पाहिजे. बांबू आणि दोरी बांधून ती वाटच तशी करावी. बांगलादेशातील प्राथमिक शाळांत झालेल्या एका अभ्यासात हात धुण्याची चांगली जागा बांधून शौचालयापासून तिथपर्यंत रंगीत पावले रंगवली, तेव्हा शौचानंतर साबणाने हात धुणाऱ्या मुलांचे प्रमाण ४ टक्क्यांवरून दुसऱ्याच दिवशी ६८ टक्क्यांवर गेले आणि सहा आठवड्यांनी ते ७४ टक्के होते. तिथे व्याख्यान नव्हते, फलक वाटले नव्हते. चिखलात पावले रंगवता येत नाहीत, पण दिव्याची माळ त्या दिशेने लावता येते. आणि उजेड तर हवाच : महिलांच्या बाजूचे केंद्र अंधारात असेल तर ते वापरले जाणार नाही, मग त्याची रचना कितीही चांगली असो. महिलांसाठी नळांची रांग वेगळी, आडोशाच्या आत असावी.

शाळेसाठी वेगळा विचार लागतो. पोषण आहाराच्या वेळी शंभर मुलांचे हात दहा-पंधरा मिनिटांत धुऊन झाले पाहिजेत, आणि चार नळांवर ते होत नाही. फिलिपिन्समधील शाळांत वापरली जाणारी सामूहिक पद्धत इथे उपयोगी आहे. चार मीटर पीव्हीसी पाइपला ४० सेंटिमीटरवर एक अशी दहा भोके पाडायची आणि पाइपच्या सुरुवातीला एकच व्हॉल्व्ह ठेवायचा. दहा मुले उभी राहतात, शिक्षक क्षणभर पाणी सोडतात, बंद करतात, मुले वीस सेकंद साबण चोळतात, पुन्हा पाणी सोडले जाते. एका तुकडीला सुमारे एक मिनिट लागते. मोठ्या केंद्राच्या टाकीला चार नळांच्या जागी हा पाइप जोडता येईल अशी युनियन जोडणी (खोलून पुन्हा बसवता येणारी) सुरुवातीलाच ठेवली, तर एकच टाकी दोन्हीकडे चालते. शाळेत नेताना टाकीचा तळ मात्र खाली घ्यावा लागतो, म्हणून स्टँड दोन भागांत, बोल्टने जोडणारा करावा. बाजारासाठी लहान प्रकार पुरेसा आहे. तो मटण-मासळीच्या ओळीजवळ आणि भज्यांच्या गाड्यांजवळ ठेवावा.

बनवून घ्यावीत की विकत, याचे उत्तर यातूनच येते : गावातच बनवून घ्यावीत, पण एकदम सगळी नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती, आणि बंधित निधी वर्षअखेर खर्ची पडावा म्हणून दहा-दहा केंद्रे एकदम घेतल्याचे मी पुष्कळ पाहिले आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मोठा आणि लहान असा एकेक नमुना करून घ्यावा आणि पुढचे आठवडी बाजार तो प्रत्यक्ष चालवावा. टाकी गळते का, पन्हाळ तुंबते का, हे तर कळेलच, पण मोजायची ती साबणाची बाटली. सकाळी बाटलीवर खूण करावी आणि दुपारी किती उतरली ते पाहावे. टाकीतले पाणी शंभर लिटर उतरले म्हणजे माणशी अर्ध्या लिटरने दोनशे जणांनी हात धुतले, आणि त्यांना सहाशे मिलिलिटर साबणाचे पाणी लागायला हवे होते. बाटली शंभर मिलिलिटरच उतरली असेल, तर लोक नुसते हात ओले करत आहेत किंवा बाटल्या भरून नेत आहेत. अशा वेळी साबण नळाच्या खूप बाजूला आहे का, बाटली दाबायला जड जाते का, हे उभे राहून पाहावे आणि जागा बदलावी. मी साबण नेहमी दोन नळांच्या मध्ये, डोळ्यांच्या थोडा खाली टांगतो. उजव्या बाजूला ठेवलेला साबण डावीकडच्या माणसाला दिसत नाही.

मुक्कामाच्या रात्री प्रत्येक मोठ्या केंद्राजवळ एक माणूस पाळीने असावा, आणि त्याच्याजवळ डब्यात दोन जादा नळ, वॉशर, टेफ्लॉन टेप, भोक मोकळे करायला तार, पाना, बॅटरी आणि भरलेल्या साबणाच्या बाटल्या असाव्यात. त्याच्या जेवणाची आणि मानधनाची तरतूद केंद्राच्या खर्चातच धरावी. पालखी हलल्यावर टाक्या रिकाम्या करून, टीसीएलच्या पाण्याने विसळून, झाकण उघडे ठेवून सुकवाव्यात. नळ काढून पिशवीत घालावेत. स्टँडचा खरवडलेला रंग त्याच आठवड्यात रेड ऑक्साइडने भरावा, कारण पावसाळ्यात महिनाभर थांबले तर वेल्डिंगच्या सांध्यांवर गंज धरतो. टाकी उन्हात ठेवू नये. आणि पुढच्या वारीसाठी केंद्रे कोणत्या खोलीत ठेवली आहेत, किल्ली कोणाकडे आहे, हे मासिक सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवावे.